सलग सहा वर्षं जिंकणारे पोलीस आणि १९८७ चा ऑगस्ट

आज बॅगपाइप. काखेत हवेची पिशवी, खांद्यावर तीन नळ्या. बीटिंग रिट्रीटला आपल्या लष्कराचे बँड वाजवतात ना, तेच. पण आज जायचंय स्कॉटलंडला, ग्लासगोच्या एका पोलीस बँडकडे.

१८८३ साली ग्लासगोला लागून असलेल्या गोवन गावच्या पोलिसांनी हा बँड काढला. १९१२ मध्ये गोवन ग्लासगोत विलीन झालं, १९७५ मध्ये पोलीस दलाचीच फेररचना झाली आणि बँडचं नाव पडलं स्ट्रॅथक्लाइड पोलीस. ही नावं विसरलात तरी चालेल. लक्षात ठेवा ते पाइप मेजर इयान मॅक्लेलन यांचं. पाइप मेजर म्हणजे बँडचा प्रमुख.

आता या वाद्याची गंमत बघा. स्वर फक्त नऊ. आवाज लहान-मोठा करायची सोयच नाही. पिशवीतून हवा सतत येत राहते, त्यामुळे मध्येच थांबून सावरता येत नाही. आतली रीड ओल आणि थंडी लागली की सूर बदलते. आणि हे सगळं कुठे, तर ग्लासगोच्या पावसाळी हवेत! वादक गोल करून उभे राहतात. सुरुवातीला ड्रमचे दोन रोल, की लगेच सगळ्यांचा पहिला स्वर एकाच क्षणी निघायला हवा. पथकात ढोल वाजवणाऱ्यांनो, रागावू नका, पण आपला एखादा ठोका गर्दीत खपून जातो. इथे खपत नाही.

अशा स्पर्धेत मॅक्लेलन यांच्या पोलिसांनी १९७६ आणि १९७९ ला जागतिक विजेतेपद घेतलं. मग १९८१ ते १९८६, सलग सहा वेळा. बाकीच्यांनी दुसऱ्या नंबरसाठीच यायचं, असं वाटावं.

१९८७ च्या ऑगस्टमध्ये मात्र कॅनडाच्या ओंटारिओतला एक बँड जिंकला, 'सेव्हन्टी-एट्थ फ्रेझर हायलँडर्स'. प्रमुख होते बिल लिव्हिंगस्टन, पेशाने वकील. समुद्रापारचा बँड जिंकण्याची ही पहिलीच वेळ. त्यातही नाव बघा: १७५९ मध्ये क्यूबेकला लढलेल्या स्कॉटिश पलटणीचं! जी पलटण स्कॉटलंडहून समुद्रापार गेली होती, तिचंच नाव घेऊन ही मंडळी परत आली आणि घरच्यांना हरवून गेली.

बॅगपाइपप्रेमी ही गोष्ट इथेच संपवतात. कॅनडाचा चमत्कार, टाळ्या. मला मात्र पुढचं वर्ष जास्त आवडतं. सहा वर्षांची सवय मोडल्यावर माणसं सैरभैर होतात. हे पोलीस १९८८ ला परत आले आणि जिंकले. १९८९, १९९०, १९९१ सुद्धा. मॅक्लेलन यांच्या काळातली एकूण बारा विजेतेपदं.

पण दार एकदा उघडलं होतं. १९९२ ला उत्तर आयर्लंडचा बँड जिंकला, १९९५ ला पुन्हा कॅनडाचा. १९९८ ला परत एक पोलीस बँड जिंकला, पण तो होता ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याचा. ग्लासगोच्या पोलिसांना १९९१ नंतर ते विजेतेपद पुन्हा मिळालेलं नाही.