श्वानपिल्लाचे शौचप्रशिक्षण

श्वानपिल्लाचे शौचप्रशिक्षण म्हणजे घरात आणलेल्या कुत्र्याच्या पिल्लाला मलमूत्र विसर्जनासाठी ठरावीक जागेची व वेळेची सवय लावण्याची प्रक्रिया होय. अंगण असलेल्या घरात ही सवय बहुधा सहज लागते. बहुमजली इमारतीतील सदनिकेत मात्र ती जाणीवपूर्वक लावावी लागते. त्यामुळे ठाणे जिल्ह्यातील मीरा-भाईंदरसारख्या दाट वस्तीच्या शहरात या प्रशिक्षणाचा संबंध पिल्लाच्या आरोग्याशी, शेजारधर्माशी आणि सार्वजनिक स्वच्छतेशीही येतो.

नैसर्गिक आधार

जन्मानंतर सुमारे तीन आठवडे पिल्लू स्वतःहून मलमूत्र विसर्जन करू शकत नाही. आईने चाटल्यावर ती क्रिया घडते व आईच ती जागा स्वच्छ करते. चालता येऊ लागल्यावर पिल्लू निजण्याच्या जागेपासून दूर जाऊन विसर्जन करू लागते. पुढे आठ-नऊ आठवड्यांच्या सुमारास ते ठरावीक जागा निवडू लागते व पायाखालच्या पृष्ठभागाची आवडही याच काळात पक्की होते. माती, गवत, कागद किंवा फरशी यांपैकी जे सतत पायाखाली येते, तेच त्याला योग्य वाटू लागते. शौचप्रशिक्षण याच उपजत प्रवृत्तीवर आधारलेले आहे.

अरुंद पिंजऱ्यात वाढलेल्या पिल्लाला निजण्याच्या जागीच घाण करणे भाग पडते. अशा पिल्लाची ही प्रवृत्ती मंदावते व त्याला शिकवण्यास अधिक काळ लागतो. भारतात २०१७ च्या श्वान प्रजनन व विपणन नियमांनुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लाची विक्री करता येत नाही.

पद्धत

पिल्लाचे मूत्राशय लहान असते व त्यावरील ताबा हळूहळू येतो. वयाच्या महिन्यांत एक मिळवल्यास जी संख्या येते, साधारण तितके तास पिल्लू दिवसा थांबू शकते, असा एक ढोबळ अंदाज आहे. त्यानुसार दोन महिन्यांच्या पिल्लाकडून तीन तासांपेक्षा अधिक अपेक्षा ठेवता येत नाही. झोपेतून उठल्यावर, खाण्यापिण्यानंतर आणि खेळ संपल्यावर विसर्जनाची शक्यता सर्वाधिक असते. जेवण ठरलेल्या वेळी दिल्यास शौचाची वेळही ठरून जाते. दिवसभर भांड्यात खाणे ठेवल्यास हा अंदाज बांधता येत नाही.

जमीन हुंगत फिरणे, गोल घिरट्या घालणे, खेळ अचानक थांबवून कोपऱ्याकडे किंवा दाराकडे जाणे ही पूर्वलक्षणे होत. ती दिसताच पिल्लाला उचलून दर वेळी त्याच जागी नेले जाते. विसर्जन पूर्ण होताच, त्याच जागी, कौतुक किंवा खाऊ दिला जातो. घरात परतल्यावर दिलेल्या खाऊचा संबंध पिल्लू विसर्जनाशी जोडू शकत नाही. देखरेख शक्य नसते तेव्हा त्याचा वावर एका खोलीपुरता किंवा आरामात वळता-निजता येईल एवढ्या पिंजऱ्यापुरता ठेवतात. पिंजरा ही शिक्षेची जागा होऊ नये व त्यात पिल्लाला क्षमतेपेक्षा अधिक वेळ कोंडू नये.

शिक्षेचे दुष्परिणाम

घाण केलेल्या जागी पिल्लाचे नाक घासणे किंवा त्याला मारणे ही प्रथा अनेक ठिकाणी आढळते. परंतु ती निरुपयोगी व हानिकारक आहे. काही वेळाने झालेल्या शिक्षेचा आधीच्या कृतीशी असलेला संबंध पिल्लाला कळत नाही. माणसासमोर विसर्जन करणे धोक्याचे आहे, एवढेच ते शिकते. मग ते पलंगाखाली किंवा दारामागे जाऊ लागते आणि बाहेर नेले तरी पाळणाऱ्यासमोर विसर्जन करीत नाही. पिल्लाचा ‘अपराधी’ चेहरा पाहून त्याला चूक कळल्याचा समज होतो. अमेरिकन संशोधक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मात्र असा चेहरा प्रत्यक्ष आगळिकीमुळे नव्हे, तर मालकाच्या रागावण्यामुळे होतो, असे दिसून आले.

घरात चूक झाल्यास ती जागा गंध पूर्ण जाईपर्यंत धुणे आवश्यक असते, कारण उरलेला गंध पिल्लाला पुन्हा तेथेच आणतो. यासाठी विकरयुक्त द्रावणे उपयोगी पडतात. अमोनियायुक्त द्रावणांचा वास मूत्रासारखा असल्याने ती टाळली जातात.

मीरा-भाईंदरमधील परिस्थिती

१९८५ मध्ये नगरपरिषद व २८ फेब्रुवारी २००२ रोजी महानगरपालिका झालेल्या या शहराची वाढ प्रामुख्याने मुंबईच्या उपनगरी रेल्वेच्या आधाराने झाली. उत्तन, पाली, चौक, डोंगरी या किनारी गावांत बैठी घरे व अंगणे आढळतात. मीरा रोड व भाईंदर स्थानकांच्या परिसरात मात्र वस्ती मुख्यतः सदनिकांची आहे. वरच्या मजल्यावरून उद्‌वाहनाने खाली येण्यास लागणारा वेळही पिल्लाच्या क्षमतेबाहेरचा ठरू शकतो. त्यामुळे सुरुवातीला त्याला कडेवर घेऊनच खाली नेणे सोयीचे असते.

दुसरी अडचण लसीकरणाची आहे. पिल्लाच्या लसी सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होऊन तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सुमारे सोळा आठवड्यांपर्यंत चालतात. पार्व्हो विषाणू मातीत अनेक महिने टिकत असल्याने, लसीकरण पूर्ण होण्यापूर्वी भटकी कुत्री वावरतात अशा जागी पिल्लाला जमिनीवर सोडणे धोक्याचे असते. म्हणजे सवय लागण्याचा उत्तम काळ आणि बाहेर न नेण्याचा काळ एकच येतो. यावर मोरीत किंवा गॅलरीत तात्पुरती जागा ठरवणे हा मार्ग आहे. वर्तमानपत्राची सवय लागलेले पिल्लू पुढे दिवाणखान्यात पडलेल्या वर्तमानपत्रावरही जाते. म्हणून माती किंवा गवत भरलेला पसरट ट्रे अधिक योग्य मानला जातो. पुढे बाहेर नेताना पृष्ठभाग ओळखीचा राहतो. गॅलरी धुतलेले पाणी खालच्या मजल्यावर उतरणार नाही, याची दक्षता घ्यावी लागते.

जून ते सप्टेंबर या पावसाळ्यात काही पिल्ले ओल्या जमिनीवर जाण्यास नाखूश असतात. तेव्हाही हाच ट्रे उपयोगी पडतो. साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचा संसर्ग माणसांना व कुत्र्यांना होऊ शकतो. त्यामुळे अशा पाण्यातून पिल्लाला नेणे टाळावे लागते.

नियम व नागरी जबाबदारी

भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार गृहनिर्माण संस्थांना पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही. त्याच सूचनांत पाळणाऱ्यांनी सार्वजनिक जागेतील विष्ठा स्वतः उचलावी, असेही आवाहन आहे. शेजारच्या मुंबई महानगरात २००६ च्या स्वच्छता उपविधींनुसार विष्ठा न उचलल्यास दंडाची तरतूद आहे.

प्रशिक्षण फसल्यास घरातील व शेजारचे वाद वाढतात आणि प्रसंगी पिल्लू रस्त्यावर सोडले जाते. उपासमार होईल अशा स्थितीत प्राण्याला टाकून देणे हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० च्या कलम ११ नुसार गुन्हा आहे. माणसाच्या आधाराने वाढलेल्या पिल्लाला रस्त्यावर तग धरणे कठीण जाते.

अडचणी व उपचार

बहुतेक पिल्लांना चार ते सहा महिन्यांत चांगली सवय लागते, तरी अधूनमधून चुका होणे स्वाभाविक आहे. सवय लागलेल्या पिल्लाने अचानक घरात मूत्रविसर्जन सुरू केल्यास मूत्रमार्गाच्या संसर्गाची, तर वारंवार पातळ शौच होत असल्यास जंतांची किंवा अन्य आजाराची शक्यता असते. अशा वेळी पशुवैद्यकाकडून तपासणी करून घ्यावी लागते. कोणी वाकून जवळ आल्यावर किंवा रागावल्यावर काही पिल्लांचे मूत्र नकळत सुटते. तो सवयीचा दोष नसून भीतीचा किंवा नम्रतेचा भाग असतो. वाढत्या वयात व शांत वागणुकीने तो बहुधा नाहीसा होतो.

हे सुद्धा पहा

कुत्रा
रेबीज
लेप्टोस्पायरोसिस
मीरा-भाईंदर महानगरपालिका