कुरेनेकर शिमोनाचे घर : मेंदूला इजा झालेल्या प्रौढांचे सहजीवन

क्रुसाच्या वाटेतील पाचव्या स्थानी आपण कुरेनेकर शिमोनाचे स्मरण करतो. शेतावरून येणाऱ्या या परक्या माणसाला शिपायांनी वेठीस धरले आणि प्रभू येशूचा क्रूस त्याच्या खांद्यावर दिला. फ्रान्समधील एका संस्थेने त्याचेच नाव धारण केले आहे : ‘सिमों द सिरेन’. मेंदूला इजा झालेल्या प्रौढ व्यक्ती आणि धडधाकट माणसे यांनी एका घरात सोबतीने राहावे, यासाठी ही संस्था कार्य करते. तिचा परिचय वाचकांना येथे करून देत आहोत.

न दिसणारी जखम

जन्मतः असलेले बौद्धिक अपंगत्व आणि पुढील आयुष्यात मेंदूला झालेली इजा या दोन भिन्न गोष्टी होत. वाहनाचा अपघात, उंचावरून पडणे, पक्षाघात, मेंदूतील रक्तस्राव, मेंदूज्वर किंवा काही मिनिटे प्राणवायू न मिळणे ही अशा इजेची प्रमुख कारणे आहेत. शस्त्रक्रियेने प्राण वाचतात, रुग्ण शुद्धीवर येतो, चालू-बोलू लागतो. संकट टळले, असे घरच्यांना वाटते. खरी कसोटी मात्र यानंतर सुरू होते.

सकाळी सांगितलेले दुपारी आठवत नाही. थोड्याशा श्रमाने विलक्षण थकवा येतो. गोंगाट सोसवत नाही, राग आवरत नाही. मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झाली असेल, तर कोणतेही काम आपणहून सुरू करण्याची शक्तीच मंदावते. शेजाऱ्यापाजाऱ्यांना तो आळस किंवा उर्मटपणा वाटतो. नोकरी जाते, मित्र एकेक करून येईनासे होतात. ज्याने कालपर्यंत घर चालवले, त्याला आपण काय गमावले आहे याची पुष्कळदा पुरती जाणीव असते. वृद्ध आई-वडिलांच्या मनाला तर एकच प्रश्न पोखरत राहतो : आमच्या माघारी याला कोण?

संस्थेचा उगम

लोराँ द शेरिझे यांच्या बहिणीला ऐन तारुण्यात रस्त्यावरील अपघातात मेंदूची गंभीर इजा झाली होती. अशा व्यक्तींच्या वाट्याला येणारे एकाकीपण त्यांनी घरातच पाहिले. त्यातूनच २००६ साली ‘सिमों द सिरेन’ची स्थापना झाली. पॅरिसलगतच्या व्हान्व्ह येथे पहिली सामायिक घरे उभी राहिली आणि पुढे आँजे, नाँत आदी शहरांत हे कार्य विस्तारले.

फिलिप पोझ्झो दि बोर्गो हे संस्थेचे मानद अध्यक्ष होते. १९९३ साली पॅराग्लायडिंगच्या अपघातात त्यांचे हातपाय कायमचे लुळे पडले. त्यांच्या जीवनावर आधारित ‘अँतूशाब्ल’ हा फ्रेंच चित्रपट २०११ साली प्रदर्शित झाला. त्याच्या नफ्यातील ५ टक्के वाटा या संस्थेला देण्यात आला. पोझ्झो दि बोर्गो यांचे २०२३ साली निधन झाले.

घराची रचना

या घरात प्रत्येकाला स्वतःची स्वतंत्र खोली असते. तिचे दार केव्हा उघडावे, कोणाला बोलवावे, भिंतीवर काय लावावे, हे तो स्वतः ठरवतो. स्वयंपाकघर, जेवणाचे टेबल आणि बैठकीची खोली मात्र सर्वांची. सोबतीला राहणाऱ्यांत सेवाभावी तरुणही असतात. एकान्त हवा तेव्हा एकान्त आणि सोबत हवी तेव्हा सोबत, हा या रचनेचा गाभा होय. रुग्णालयात एकान्त नसतो. एकट्याच्या घरात सोबत नसते.

जे आपल्या घरीच राहतात, त्यांच्यासाठी ‘परस्पर साहाय्य गट’ आहेत. २००५ च्या अपंगविषयक कायद्यानंतर फ्रान्समध्ये अशा गटांना शासकीय आधार मिळू लागला. २०१८ च्या कायद्याने तर अशा सामायिक निवासाला स्वतंत्र मान्यताही दिली.

आपल्याकडे काय?

भारताने २००७ साली अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार मान्य केला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या पाचव्या कलमाने समाजात राहण्याचा हक्कही दिला. तथापि या कायद्याच्या यादीत मेंदूची इजा असा स्वतंत्र प्रकार नाही. तिच्यामुळे उद्भवलेले चालण्याचे, बोलण्याचे अथवा मानसिक अपंगत्व पाहून प्रमाणपत्र मिळते. म्हणून रुग्णालयातील सर्व कागदपत्रे कुटुंबीयांनी जपून ठेवावीत.

सामायिक घर उभारणे प्रत्येक धर्मग्रामाला शक्य होईलच असे नाही. परंतु पुढील गोष्टी आपल्या आवाक्यात आहेत :

– अशा व्यक्तीशी बोलताना एका वेळी एकच गोष्ट सांगावी व उत्तरासाठी थांबावे. महत्त्वाचे ते लिहून द्यावे.
– भेटीचा वार व वेळ ठरलेली असावी. भेट थोडक्यात, पण नियमित असावी.
– रागाचे बोल मनाला लावून घेऊ नयेत. गोंगाट कमी करून विश्रांती घेऊ द्यावी.
– आठवड्यातून काही तास आपण सोबतीला बसून घरच्यांना मोकळीक द्यावी.
– मिस्सा, सण, लग्नकार्य यांचे निमंत्रण बंद करू नये. जमेल असे एखादे काम त्याच्याकडे सोपवावे.

आपल्या आळीत असे एखादे घर असेल. अपघातानंतरच्या पहिल्या महिन्यात तेथे माणसांची रीघ लागली होती. आता कित्येक दिवसांत दारावर थाप पडलेली नाही. शिमोनाला प्रभूचा क्रूस नाहीसा करता आला नाही. वाटेचा काही भाग तो त्याच्यासोबत चालला. या रविवारी मिस्सानंतर आपणही त्या घरापर्यंत चालत जाऊ या.