जामा मशिदीतला दुसरा लेख

बुऱ्हाणपुरात इतवारा, शनवारा अशी वारांची नावे घेऊन बसलेल्या जुन्या वस्तीत जामा मशीद आहे. खानदेशच्या फारुकी घराण्यातल्या आदिलशहाने, म्हणजे राजा अली खानाने, ती बांधवली. आत त्याचा अरबी लेख आहे आणि एक संस्कृत लेखही आहे. मशिदीत संस्कृत कशाला, या प्रश्नाला 'सर्वधर्मसमभाव' असे एका शब्दात उत्तर मिळते आणि पाहुणे पुढे सरकतात. उत्तर खोटे नाही, पण आळशी आहे. संकेतस्थळावरचे चित्र ज्याला दिसत नाही त्याच्यासाठी पर्यायी मजकूर (ऑल्ट टेक्स्ट) लिहिण्याचे काम आज जे करतात, त्यांच्यासाठी हा दुसरा लेख अधिक उपयोगाचा आहे. ज्याला मूळ वस्तू वाचता येत नाही त्याच्या हाती नेमके काय द्यायचे, याचा विचार करून लिहिलेला तो मजकूर आहे.

अरबी न येणाऱ्याला ती वळणदार अक्षरे म्हणजे नुसती नक्षी. त्या नक्षीचे शब्दशः भाषांतर संस्कृत लेखकाने केलेले नाही. त्याने आरंभी सृष्टिकर्त्याला वंदन केले आणि त्याचे वर्णन अव्यक्त, सर्वव्यापी, गुणातीत अशा शब्दांत केले. देवळात वाढलेल्या कानाला हे शब्द परके नाहीत आणि मशिदीतही ते खटकत नाहीत. मग फारुकींची वंशावळ दिली, आणि राजाने ही वास्तू स्वधर्माच्या पालनासाठी उभारली असे साधेपणाने सांगितले. कालनिर्देश तर पाहण्यासारखा आहे. अरबी बाजूला हिजरी ९९७ एवढेच साल आहे. संस्कृत बाजूला विक्रम संवत १६४६, शके १५११, विरोधी संवत्सर, पौष शुद्ध दशमी, वार सोमवार, शिवाय नक्षत्र, योग, करण आणि घटकासुद्धा आहेत. गणिताने तो दिवस इ.स. १५९० च्या जानेवारीतला येतो आणि वारही सोमवारच निघतो. हिजरी ९९७ मात्र १५८९ च्या नोव्हेंबरातच संपले होते. म्हणजे दोन्ही लेख एकच क्षण सांगत नाहीत, आणि पर्याय म्हणून लिहिलेला मजकूर इथे मुळापेक्षा काटेकोर निघाला आहे. पंचांग पाहणाऱ्या वाचकाला हिजरी सालाचा आकडा देऊन भागणार नाही, हे लिहिणाऱ्याला कळत होते. याच राजाने असीरगड किल्ल्यातल्या मशिदीतही संस्कृत लेख कोरवला, तेव्हा ही एका शास्त्रीबुवांची हौस होती असेही म्हणता येत नाही.

यावर पहिला आक्षेप असा की हे सारे राजकारण होते: हिंदू व्यापारी आणि कारकून यांच्यापुढे घराण्याची प्रतिष्ठा मांडायची, एवढाच हेतू. असेल. पण प्रतिष्ठा मांडण्यासाठीही वाचक कोण आहे हे ओळखावे लागते, आणि माझा मुद्दा त्या ओळखण्याचाच आहे. उलट उदाहरण याच मशिदीत आहे. १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतला आणि त्याच्या पदरच्या मीर मुहम्मद मासूमने त्या विजयाचा फारसी लेख इथे कोरवला. त्या लेखाला ही वास्तू केवळ जागा म्हणून हवी होती. चित्राच्या पर्यायी मजकुरात दुकानाची जाहिरात कोंबणारे आजही हेच करतात.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. कापड विणून या शहराचे नाव इराण-तुर्कस्तानपर्यंत नेणाऱ्या विणकराला ना अरबी वाचता येत होते ना संस्कृत; आणि दृष्टिहीन माणसाला तर दगडावरच्या दोन्ही लिप्या सारख्याच मुक्या. हे मान्यच करावे लागते. मात्र ऑल्ट टेक्स्टचा जन्मही दृष्टिहीनांच्या काळजीतून झालेला नाही. १९९३ च्या फेब्रुवारीत मार्क अँड्रीसनने वेबपानात चित्र बसवण्याची खूण सुचवली, तेव्हा केवळ अक्षरे दाखवणाऱ्या ब्राउझरवर काम करणारे बरेच होते. चित्राच्या जागी त्यांना काहीतरी शब्द दिसावेत ही गरज होती. वेबपाने ज्या भाषेत लिहितात त्या एचटीएमएलच्या १९९५ मधल्या २.० आवृत्तीत हा मजकूर ऐच्छिक होता, १९९७ च्या ४.० मध्ये सक्तीचा झाला, आणि १९९९ च्या सुगम्यतेच्या नियमावलीत त्याला पहिले स्थान मिळाले. १९९९ मध्येच ब्रूस मॅग्वायर या दृष्टिहीन गृहस्थाने सिडनी ऑलिंपिकच्या संकेतस्थळावर चित्रांना मजकूर नाही म्हणून तक्रार केली. २००० मध्ये आयोजकांना वीस हजार ऑस्ट्रेलियन डॉलर भरपाईचा आदेश झाला. एका वाचकासाठी केलेली सोय दुसऱ्याने हक्काने मागावी, हीच या रिवाजाची वाटचाल आहे. भारतात २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ती मागणी कायद्यात आणली.

आता यंत्रच वर्णन लिहील, मग माणसाने कशाला डोके शिणवायचे, असे म्हणणारेही भेटतात. फेसबुकने २०१६ मध्ये स्वयंचलित वर्णन सुरू केले आणि तेव्हापासून यंत्र पुष्कळ सुधारले, हे खरे. पण 'दगडावर कोरलेली अक्षरे' एवढे वर्णन अचूक असूनही ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. तोच फोटो मुद्रणकलेवरच्या लेखात असेल तर अक्षरांचे वळण सांगावे लागेल, खानदेशच्या इतिहासात असेल तर राजाचे नाव आणि शके १५११, आणि पानाच्या कडेला निव्वळ सजावट म्हणून असेल तर काहीच सांगू नये. त्यासाठी ऑल्टची जागा रिकामी ठेवण्याची सोय आहेच. ही निवड पानाचा हेतू जाणणाऱ्यानेच करायची असते.

बुऱ्हाणपूरची छायाचित्रे मराठी पानांवर चढवणाऱ्यांना म्हणूनच एक विनंती आहे. 'आयएमजी ००१२' किंवा 'सुंदर दृश्य' असे लिहून मोकळे होऊ नका, आणि मराठी पानावर इंग्रजी वर्णनही ठेवू नका, कारण पान वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरचा मराठी आवाज त्या ओळीवर अडखळतो. लेखाच्या फोटोला पर्यायी मजकूर म्हणून एवढे तरी लिहा: 'बुऱ्हाणपूरच्या जामा मशिदीतला संस्कृत शिलालेख, शके १५११, आदिलशहा फारुकीचा.'