बॅरिस्टर आंबेडकर आणि एका तळ्याचा दावा: कोर्टाचे कागद वाचताना

पेट किंवा नेट झाली, गाईड मिळाले, सिनॉप्सिसचं काम सुरू झालं, की एक दिवस तुमच्यासमोर एखादं जुनं निकालपत्र येऊन पडतंच. विषय इतिहासाचा असायलाच हवा असं नाही. माझी पदव्युत्तर पदवी पर्यावरणशास्त्रातली आणि काम जुन्या तळ्यांच्या पाण्यावर. तरीही कोकणातल्या तळ्यांबद्दल काय काय लिहिलं गेलंय हे शोधताना मी मुंबई हायकोर्टाच्या 1937 च्या एका निकालापाशी येऊन थांबलो. महाडच्या चवदार तळ्याचा निकाल. तो नीट कळायचा असेल तर आधी बॅरिस्टर म्हणजे कोण, तो कुठल्या कोर्टात उभा राहायचा आणि त्याला काम कसं मिळायचं, हे माहीत असावं लागतं. म्हणून आज डॉ. आंबेडकरांच्या वकिलीबद्दल लिहितो आहे. त्यांच्यावर एवढं लेखन झालंय, पण रोजच्या पोटापाण्याच्या वकिलीबद्दल आपण फार कमी बोलतो.

सुरुवात शब्दापासून करू. बॅरिस्टर ही विद्यापीठाची पदवी नाही. लंडनमध्ये चार जुन्या संस्था आहेत: लिंकन्स इन, इनर टेंपल, मिडल टेंपल आणि ग्रेज इन. यांपैकी एकीत नाव घालायचं, ठरावीक सत्रं भरायची, परीक्षा द्यायच्या, आणि मग ती संस्था तुम्हाला ‘बार’वर बोलावते. गंमत म्हणजे सत्र भरलं हे मोजायचं कसं, तर तिथल्या भोजनगृहात ठरावीक वेळा जेवायला हजर राहून! गांधीजी इनर टेंपलचे, जिना लिंकन्स इनचे, आणि आंबेडकर ग्रेज इनचे. आंबेडकरांनी तिथे 1916 मध्ये नाव नोंदवलं. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून 1917 मध्ये परतावं लागलं. सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, 1920 मध्ये पुन्हा लंडन गाठलं आणि 28 जून 1922 रोजी ते बॅरिस्टर झाले. तेव्हा लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्राचं संशोधनही चालूच होतं. प्रबंध लिहिता लिहिता दुसरी व्यावसायिक परीक्षा देणं म्हणजे काय, हे तुम्हाला मी वेगळं सांगायला नको.

1923 मध्ये ते मुंबईला आले आणि हायकोर्टात वकिली सुरू केली. इथून पुढचा भाग जरा लक्ष देऊन वाचा.

मुंबई हायकोर्टाच्या तेव्हा (आणि आजही) दोन बाजू होत्या. ओरिजिनल साइडवर मुंबई शहरातले मोठे दिवाणी दावे थेट दाखल व्हायचे: व्यापार, कंपन्या, इस्टेटी, ट्रस्ट. पैसा इथे होता. अपिलेट साइडवर जिल्ह्यांतल्या कोर्टांची अपिलं यायची: शेतजमीन, वारसा, वहिवाट, फौजदारी शिक्षा. ओरिजिनल साइडवर पक्षकार बॅरिस्टरकडे थेट जाऊच शकत नसे. तो आधी सॉलिसिटरच्या कचेरीत जाणार, सॉलिसिटर कागद तयार करणार आणि मग कुठल्या बॅरिस्टरला ब्रीफ द्यायचं ते ठरवणार. ही दुहेरी पद्धत मुंबईत 1976 च्या कायदेदुरुस्तीपर्यंत टिकली.

आता विचार करा. या व्यवस्थेत बॅरिस्टरची बुद्धी, त्याची इंग्रजी, त्याच्या पदव्या या सगळ्यांच्या आधी एक दार होतं आणि ते सॉलिसिटरच्या हातात होतं. सॉलिसिटर मंडळी अस्पृश्य समाजातल्या बॅरिस्टरशी व्यवहार करायला तयार नव्हती, असं चरित्रकारांनी नोंदवलं आहे. कुठल्याही नियमात आंबेडकरांना मज्जाव नव्हता. सनद होती, काळा कोट होता. फक्त ब्रीफ येत नव्हतं. जातीचा अडथळा कागदावर न उमटताही कसा काम करतो, याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही. आणि संशोधक म्हणून आपली पंचाईत इथेच होते, कारण न मिळालेल्या ब्रीफची नोंद कोणत्याच दप्तरात नसते. हायकोर्टाच्या छापील निकालांत वकिलांची नावं असतात. त्यात कोण नाही आणि का नाही, हे आपल्याला दुसरीकडून शोधावं लागतं.

मग काम कुठून आलं? जिल्ह्यांच्या कोर्टांतून, मोफसलमधून. तिथे सॉलिसिटरची अट नव्हती. परळच्या चाळीत त्यांचं घर आणि दामोदर हॉलजवळ कचेरी. 1924 मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाल्यावर पक्षकार आणि गाऱ्हाणी घेऊन येणारे लोक यांच्यात फरक करणं अवघडच झालं असणार. वकिलीवर भागत नव्हतं म्हणून 1925 पासून बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी शिकवणाऱ्या संस्थेत त्यांनी व्यापारी कायदा शिकवला. पुढे 1928 मध्ये सरकारी लॉ कॉलेजात प्राध्यापक झाले आणि 1935 मध्ये त्याच कॉलेजचे प्राचार्य. सी.एच.बी.वर तास घेऊन पीएचडी करणाऱ्यांना हे वाचून थोडं बरं वाटेल, मला तरी वाटलं.

त्यांनी चालवलेल्या खटल्यांपैकी दोन पाहू. पहिला पुण्याचा, 1926 चा. दिनकरराव जवळकरांचं ‘देशाचे दुश्मन’ हे पुस्तक टिळक आणि विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्यावर जहरी टीका करणारं होतं. केशवराव जेधे, जवळकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना खालच्या कोर्टात अब्रुनुकसानीबद्दल शिक्षा झाली. अपील आंबेडकरांनी चालवलं आणि आरोपी सुटले. कायदा म्हणून यातला मुद्दा रंजक आहे. 2024 पर्यंत लागू असलेल्या भारतीय दंडविधानाच्या कलम 499 चं पहिलं स्पष्टीकरण सांगत होतं की मृत व्यक्तीचीही बदनामी होऊ शकते, पण ती व्यक्ती जिवंत असती तर तिच्या लौकिकाला धक्का बसला असता असा मजकूर हवा, आणि कुटुंबीयांच्या किंवा जवळच्या नातेवाइकांच्या भावना दुखावण्याचा हेतू हवा. म्हणजे ‘आमच्या थोर पुरुषाला नावं ठेवली’ एवढं पुरेसं नाही. आजही अशा फिर्यादी होतात तेव्हा हे स्पष्टीकरण पुन्हा वाचावंसं वाटतं.

दुसरा खटला र. धों. कर्वे यांचा, 1934 चा. ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवर अश्लीलतेचा आरोप होता. आंबेडकर बचावाला उभे राहिले आणि हरले. कर्व्यांना दंड झाला. हा खटला मी मुद्दाम घेतला. वकिलाचं काम फक्त जिंकलेल्या खटल्यांवरून मोजायचं म्हणजे आपण प्रयोगातले फक्त ‘चांगले’ रीडिंग ठेवण्यासारखं आहे. शिवाय कर्व्यांचा विषय अस्पृश्यतेचा नव्हता. आंबेडकरांच्या वकिलीची व्याप्ती आपण समजतो त्यापेक्षा मोठी होती, हे अशा हरलेल्या खटल्यातून कळतं.

आता महाड. 20 मार्च 1927 रोजी चवदार तळ्यावर काय घडलं ते तुम्हाला माहीत आहे. त्यानंतरची कोर्टाची गोष्ट मात्र बहुतेकांना अर्धीच ठाऊक असते. डिसेंबर 1927 मध्ये पुन्हा सत्याग्रह होणार म्हटल्यावर महाडच्या काही सवर्ण मंडळींनी तिथल्या कोर्टात दावा लावला आणि 14 डिसेंबरला तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. नीट बघा, इथे आंबेडकर वकील नाहीत, प्रतिवादी आहेत. म्हणून हा खटला शोधताना वकिलांच्या यादीत न शोधता पक्षकारांच्या नावात शोधावा लागतो. हायकोर्टातलं शीर्षक आहे ‘नरहरी दामोदर वैद्य विरुद्ध भीमराव रामजी आंबेडकर’. शिवाय हा प्रातिनिधिक दावा होता: एका बाजूला महाडचे सवर्ण हिंदू, दुसऱ्या बाजूला अस्पृश्य मानलेला सगळा समाज.

मनाई हुकूम फेब्रुवारी 1928 मध्ये उठला. दावा 1931 मध्ये फेटाळला गेला. ठाण्याच्या कोर्टातलं अपीलही 1933 मध्ये फेटाळलं गेलं. मग हायकोर्टात दुसरं अपील. 17 मार्च 1937 रोजी न्या. ब्रूमफील्ड आणि न्या. वाडिया यांनी तेही फेटाळलं. (हे ब्रूमफील्ड तेच, ज्यांनी 1922 मध्ये अहमदाबादला गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा दिली.)

निकालपत्रातलं तळ्याचं वर्णन माझ्यासारख्याला मेजवानीच वाटतं. चार-पाच एकरांचा जलाशय, पावसाचं पाणी आणि काही नैसर्गिक झरे, भोवती रस्ता आणि पलीकडे सवर्णांची घरं, क्वचित मुसलमानांची, जवळपास अस्पृश्यांचं एकही घर नाही. वय निदान 250 वर्षं, पण ते कोणी खोदलं की मुळातच होतं, याचा पुरावा नाही. आणि या वर्णनावरच निकाल उभा आहे.

वाद्यांचं म्हणणं होतं की अस्पृश्यांना तळ्यावर न येऊ देण्याची वहिवाट अनादी काळापासूनची आहे. त्यांचा पुरावा काय, तर 1927 च्या आधी अस्पृश्य तिथे पाणी भरत नव्हते. कोर्टानं विचारलं: न येणं आणि येऊ न देणं या दोन्ही गोष्टी एकच आहेत का? अस्पृश्यांची घरंच जवळ नाहीत, म्हणजे ते न येण्याला दुसरंही कारण असू शकतं. तळ्याभोवती सवर्णांची वस्ती होण्याआधी एवढ्या उघड्या जलाशयावर कोणी मक्तेदारी सांगितली असेल का, हीच शंका आहे. वहिवाट अनादी असल्याचं सिद्ध झालं नाही. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनो, हा युक्तिवाद ओळखीचा वाटतो ना? निरीक्षण एक आणि त्याची स्पष्टीकरणं दोन.

पण या निकालात काय नाही, तेही वाचा. ही वहिवाट अन्यायकारक किंवा सार्वजनिक हिताविरुद्ध आहे का, या प्रश्नात कोर्ट शिरलंच नाही. वहिवाटच सिद्ध झाली नाही, तेव्हा तो प्रश्न हाताळण्याची गरज नाही, अशी त्यांची भूमिका होती. तळं नगरपालिकेच्या ताब्यात असण्याचा कायदेशीर परिणामही त्यांनी तसाच बाजूला ठेवला. म्हणजे ‘हायकोर्टानं समतेच्या बाजूनं कौल दिला’ असं तुम्ही प्रबंधात लिहिलंत तर परीक्षक तुम्हाला निकालाचा परिच्छेद दाखवायला सांगतील, आणि तो नाही. वाद्यांकडे भक्कम जुना दस्तऐवज असता तर काय झालं असतं, हे त्या निकालावरून सांगता येत नाही. दहा वर्षं कोर्टात झगडून अस्पृश्यांना तळं मिळालं ते वाद्यांचा पुरावा तोकडा पडला म्हणून. हे मान्य करणं मला जड गेलं, पण कागद तेच सांगतात.

कोर्टानं बाजूला ठेवलेला तो प्रश्न पुढे दुसरीकडे आला. भारतीय संविधानाच्या कलम 15 चा दुसरा खंड काढा. सार्वजनिक खर्चानं ठेवलेल्या किंवा जनतेच्या वापरासाठी असलेल्या ज्या जागांवर धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यावरून कोणालाही अडवता येणार नाही, त्यांची तिथे यादी आहे. त्या यादीत विहिरींच्या लगेच पुढे तलाव आहेत. तिथे वहिवाट किती जुनी आहे हे कोणी विचारत नाही.