होडीचें झाकण

लोणच्याची बरणी भरली म्हणजे घरांतील वडील बाई तिच्या तोंडावर स्वच्छ दादरा पसरते आणि गळ्याभोवतीं दोरी आवळते. बरणीला कांठ नसता तर ती दोरी क्षणभरही टिकली नसती. कांठ, आच्छादन आणि आवळणारी दोरी हीं तीन अंगें वाचकांनीं ध्यानांत ठेवलीं, तर पुढील हकीकत समजावयास अडचण पडणार नाहीं. ती कयाक नांवाच्या नौकेची आहे. तेथें मात्र दादरा सैल राहिला तर प्राणाशींच गांठ पडते.

ही नौका ग्रीनलंडपासून अलास्कापर्यंतच्या हिमप्रदेशांत राहणाऱ्या लोकांनीं निर्माण केली. समुद्रानें वाहून आणलेल्या लांकडाचा सांगाडा आणि त्यावर सीलचें कातडें, एवढीच तिची सामग्री. कातडें शिवण्याचें काम स्त्रियांचें. मुख्य शिवणींत सुई कातड्याच्या आरपार जाऊं द्यावयाची नाहीं, असा त्यांचा नियम असे. भोंकच पडलें नाहीं तर पाणी शिरेल कोठून? नौकेच्या पाठीवर माणूस कमरेपर्यंत मावेल एवढें एकच तोंड ठेवीत. ग्रीनलंडचा शिकारी अंगांत कातड्याचा अंगरखा घाली. त्याचा घेर त्या तोंडाच्या कांठावर, बाह्या मनगटांशीं आणि टोपी चेहऱ्याभोवतीं आवळलेली असे. सारांश, त्या तोंडाचें झाकण म्हणजे खुद्द माणूसच. नौका उलटली तरी वल्ह्याच्या एका फटकाऱ्यासरशीं तो पुन्हां पाण्यावर येई.

परंतु झाकण जिवंत असल्यामुळें तें जागेवरून हललें कीं नौका उघडी पडे. १९३०-३१ सालच्या एका ब्रिटिश मोहिमेचे नायक गिनो वॉटकिन्स हे ग्रीनलंडच्या लोकांकडूनच ही विद्या शिकले होते. २० ऑगस्ट १९३२ रोजीं ते पूर्व ग्रीनलंडमधील एका खाडींत सीलच्या शिकारीस एकटेच गेले. सोबत्यांना त्यांची रिकामी कयाक उलटी तरंगत असलेली आढळली. बर्फाच्या एका तुकड्यावर त्यांची विजार आणि कयाकचा पट्टा पडला होता. देह कधींच सांपडला नाहीं. त्या वेळीं त्यांचें वय अवघें पंचवीस वर्षांचें होतें.

युरोपांत या नौकेचा छंद तत्पूर्वींच लागला होता. जॉन मॅकग्रेगर या ब्रिटिश वकिलानें १८६५ सालीं 'रॉब रॉय' नांवाची लांकडी नौका घेऊन युरोपांतील नद्या व सरोवरें पालथीं घातलीं. पुढच्याच वर्षीं त्याचें प्रवासवर्णन प्रसिद्ध झालें आणि अनेकांना तशा प्रवासाची हौस वाटूं लागली. १८८५ सालीं डब्ल्यू. पी. स्टीफन्स यांनीं अमेरिकेंत घरच्या घरीं नौका बांधूं इच्छिणाऱ्यांसाठीं स्वतंत्र ग्रंथच लिहिला. शिकारी सांजेला घरीं परते. प्रवाशाला मात्र तंबू, अंथरूण आणि शिधा बरोबर न्यावा लागतो. त्यासाठीं पुढें व मागें आडव्या पडद्या घालून बंद कोठ्या करणें आणि त्यांना वरून दारें ठेवणें ओघानेंच आलें. १९७५ सालीं नॉर्वेच्या उत्तर टोंकाकडील मोहिमेसाठीं फ्रँक गुडमन यांनीं 'नॉर्डकॅप' ही नौका रचली. त्या दशकांत समुद्रावरील कयाकमध्यें अशा कोठ्या रूढ झाल्या. आतां बसणारा पाण्यांत पडला तरी कोठ्यांतील हवा नौकेला तारून धरते. वॉटकिन्स यांच्या काळच्या नौकेंत ही सोय नव्हती.

मात्र प्रत्येक नवें दार म्हणजे पाण्याला दिलेलें नवें आमंत्रण. घरीं नौका बांधणारा हौशी गृहस्थ स्वतःच्याच करवतीनें धड पाठीला छिद्र पाडतो. तेव्हां तें राखण्याची जबाबदारीही त्याचीच. दाराभोवतीं उभा कांठ हवा, झाकणाच्या पोटाशीं मऊ रबराची अखंड पट्टी हवी आणि पट्टे असे आवळावे कीं दाब सर्वत्र सारखा पडेल. झाकण लवचीक असेल तर मधला भाग दबतो आणि कडा उचलते. म्हणून त्याला आंतून ताठ पाठबळ द्यावें. लाटेनें तें उडालें तरी हरवूं नये यासाठीं आंतून एक दोरी बांधावी.

याहून सूक्ष्म गोष्ट हवेची. किनाऱ्यावर उन्हांत तापलेली कोठींतील हवा गार पाण्यावर जातांच आकुंचन पावते आणि फटींतून पाणी आंत ओढूं लागते. म्हणून जाणते कारागीर पडदीला सुईएवढें छिद्र ठेवतात. झाकण घट्ट राहावें यासाठीं हवेला थोडी वाट द्यावी लागते, ही मौज खरीच!

शेवटीं परीक्षा. जमिनीवरच कोठींत पाणी भरावें, झाकण लावावें आणि नौका उलटी करावी. पाणी जेथून बाहेर ठिबकेल, तेथूनच उद्यां समुद्र आंत येईल. तेथें रबर पुन्हां बसवावें, पट्टा पुन्हां आवळावा. दादऱ्याची गांठ दोनदां चांचपून पाहणाऱ्या वडील बाईला हें कोणीं शिकवावें लागत नाहीं.