पिढी पालटते तेव्हा

इ. स. १८५६ साली विधवाविवाहाचा कायदा झाला; परंतु समाजाचे मन तेवढ्याने पालटले नाही. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला, तेव्हा कोकणातील मुरूड या त्यांच्या गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. १८९६ साली त्यांनी पुण्यात विधवांसाठी आश्रम काढला. शिकून स्वतःच्या पायांवर उभ्या राहिलेल्या स्त्रिया पाहतच पुढची पिढी वाढली. जे वडिलांना पाप वाटले, ते मुलांना न्याय्य वाटू लागले. त्याच कर्व्यांना १९५८ साली 'भारतरत्न' हा सन्मान लाभला. आम्ही ज्ञातिबांधवांस नम्रपणे विचारतो : ज्ञातीबाहेर विवाह करणाऱ्या आपल्याच लेकरांसमोर आज आपण त्या मुरूडकरांच्या जागी तर उभे नाही ना?