यार्डातील द्राक्षे

जॉन फँटी या इटालियन-अमेरिकन लेखकाचा कथासंग्रह १९४० साली 'डॅगो रेड' या नावाने प्रसिद्ध झाला. 'डॅगो' ही इटालियन माणसाला हिणवण्यासाठी अमेरिकेत रूढ झालेली शिवी, आणि 'डॅगो रेड' म्हणजे या माणसांच्या घरी तयार होणारी स्वस्त, गडद तांबडी वाइन. शिवीच पुस्तकाच्या माथ्यावर मिरवण्यामागील लेखकाचा हेतू वाङ्मयाच्या अभ्यासकाला सहज उमजेल. आमचे कुतूहल मात्र शीर्षकातील दुसऱ्या शब्दाविषयी आहे. ही वाइन इतकी तांबडी का असे? हा प्रश्न वरकरणी स्वयंपाकघरातला वाटतो. पण त्याचा माग काढू लागलो की आपण एका कायद्यापाशी आणि त्या कायद्याने उभ्या केलेल्या ताज्या द्राक्षांच्या बाजारापाशी येऊन पोहोचतो. त्या बाजाराचा इतिहास ठाऊक असला तर फँटीसारख्या लेखकाचे वाचन बदलते, असे आम्हांस वाटते.

अमेरिकेत १७ जानेवारी १९२० पासून देशव्यापी दारूबंदी अमलात आली. तत्पूर्वी १९१९ च्या ऑक्टोबरात, राष्ट्राध्यक्ष विल्सन यांचा नकाराधिकार डावलून, काँग्रेसने व्होल्स्टेड कायदा संमत केला होता. अर्ध्या टक्क्याहून अधिक मद्यार्क असलेले कोणतेही पेय या कायद्याने मादक ठरवले. असे असताना त्याच कायद्याच्या २९ व्या कलमात एक सवलत होती: केवळ आपल्या घरच्या वापरासाठी कोणी 'नशा न आणणारा' सायडर वा फळांचा रस तयार केला, तर त्यास शिक्षेची तरतूद लागू नव्हती. ही सवलत प्रामुख्याने सफरचंदाचा रस मुरवणाऱ्या ग्रामीण शेतकऱ्याला सांभाळून घेण्यासाठी होती, असे मानले जाते. परंतु 'फळांचा रस' या शब्दांत द्राक्षाचा रसही येतो. आणि द्राक्षाचा रस स्वस्थ बसत नाही. सालीवरच्या किण्वांमुळे तो आपोआप फसफसू लागतो आणि काही दिवसांत त्याची वाइन होते.

मग 'नशा न आणणारा' याचा अर्थ काय? अर्धा टक्का, की प्रत्यक्षात नशा येणे वा न येणे? मेरीलँडचे काँग्रेस सदस्य जॉन फिलिप हिल यांनी हा प्रश्न मुद्दाम धसास लावला. बाल्टिमोरच्या आपल्या घरी त्यांनी उघडपणे द्राक्षांची वाइन आणि सफरचंदाचा सायडर केला व खटला ओढवून घेतला. घरगुती रसाला अर्ध्या टक्क्याची मर्यादा लागू नाही, तो प्रत्यक्षात मादक आहे काय एवढेच पाहावयाचे, असा निर्वाळा न्यायाधीशांनी दिला. आणि १९२४ च्या नोव्हेंबरात ज्यूरीने हिल यांना निर्दोष सोडले. एका विशेषणाचा अर्थ कायद्याने मोकळा सोडला होता. त्या मोकळ्या जागेतून आगगाड्या भरभरून द्राक्षे गेली.

या व्यवहाराचे आकारमान ध्यानी यावे म्हणून थोडे गणित मांडू. कुटुंबप्रमुखाला वर्षाकाठी २०० गॅलन वाइन करमुक्त करू देण्याची जुनी सवलत होती, आणि दारूबंदीच्या काळात तोच आकडा घरगुती उत्पादनाची मर्यादा म्हणून सर्वतोमुखी झाला. २०० गॅलन म्हणजे सुमारे ७५७ लिटर. एक गॅलन वाइनसाठी साधारण १२ ते १५ पौंड द्राक्षे लागतात. म्हणजे मर्यादेइतकी वाइन करावयाची तर एका घराला एक टनाहून अधिक द्राक्षे आणावी लागत. एवढा माल कोपऱ्यावरच्या फळवाल्याकडून येत नाही. तो कॅलिफोर्नियात तोडून लाकडी पेट्यांत भरला जाई, बर्फाने थंड ठेवलेल्या वाघिणींतून अर्धा देश ओलांडून शिकागो, न्यूयॉर्क, बोस्टनच्या रेल्वे यार्डांत उतरे, आणि तेथे लिलावाने वा वाघिणीच्या दाराशीच विकला जाई. शरद ऋतू आला की इटालियन वस्तीतले गवंडी, खाणकामगार, न्हावी या यार्डांत जात, मणी तोडून चाखत, भाव पाडून मागत आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांत पेट्या वाटून घेत. तळघरात द्राक्षे चुरडणे, पिंपात आंबवणे, चोथा पिळणे ही कामे पुढची; वाइन चांगली होणार की आंबट, याचा निम्मा निकाल यार्डातच लागे.

याच जागी आमच्या प्रश्नाचे उत्तर मिळते. आठवडा-दहा दिवसांच्या प्रवासात पातळ सालीची, नाजूक जातीची द्राक्षे फुटत, त्यांना बुरशी धरे. टिकत ती जाड सालीची. त्यांत सर्वांत मागणी आली आलिकांत बूशे या जातीला. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये आंरी बूशे यांनी संकरातून सिद्ध केलेली ही जात. बहुतेक काळ्या द्राक्षांचा गर फिका असतो आणि रंग सालीतून उतरतो. आलिकांतचा गरच तांबडा. दिसायला भरदार, प्रवासाला चिवट आणि रंगाला इतकी गडद, की पहिला रस काढून घेतल्यावर चोथ्यात साखर-पाणी घालून दुसऱ्यांदा आंबवले तरी ती दुसरी वाइनही तांबडी दिसे. गरिबाच्या हिशेबात या गुणाचे मोल फार मोठे होते. 'डॅगो रेड'चा तांबडेपणा हा मुख्यतः आवडीचा रंग नव्हे. तो अंतराचा आणि काटकसरीचा रंग आहे.

या खरेदीचे परिणाम उलट दिशेनेही झाले. दारूबंदी येताच आपल्या बागा मातीमोल होणार असे कॅलिफोर्नियाच्या बागायतदारांनी गृहीत धरले होते. काहींनी वेली उपटूनही टाकल्या. प्रत्यक्षात भाव कित्येक पटींनी चढले आणि लागवड वाढतच गेली. अनेकांनी जुन्या, उत्तम वाइन देणाऱ्या जाती काढून आलिकांत लावले. पुढे दशकाच्या मध्यास माल उदंड झाला, वाघिणी अपुऱ्या पडू लागल्या आणि भाव कोसळले. ५ डिसेंबर १९३३ रोजी दारूबंदी उठली, तेव्हा वाइन कारखान्यांच्या हाती आली ती या लांबच्या प्रवासासाठी निवडलेली द्राक्षे. हजारो मैलांवरच्या यार्डात मणी चाखणाऱ्या गिऱ्हाइकाने अशा रीतीने एका प्रदेशाची शेती घडवली, आणि काही अंशी बिघडवलीही.

घराणीही याच बाजाराने घडवली. मिनेसोटाच्या लोहखाणींच्या मुलखात राहणारे चेझारे माँडावी आपल्या इटालियन बांधवांसाठी द्राक्षे घ्यायला कॅलिफोर्नियास गेले आणि १९२० च्या दशकाच्या प्रारंभी कुटुंबासह तेथेच लोडी गावी स्थायिक होऊन द्राक्षे पाठवण्याचा व्यवसाय करू लागले. त्यांचे पुत्र रॉबर्ट यांनी १९६६ साली नापा खोऱ्यात काढलेली वायनरी जगप्रसिद्ध झाली. अर्नेस्ट गॅलोही तरुणपणी शिकागोच्या यार्डात घरच्या बागेची द्राक्षे विकत असत.

येथवर ही कथा कायद्याला बगल देणाऱ्या सामान्य माणसाची गंमतीदार कथा वाटेल. परंतु आम्हांस ती तेवढ्यावर सोडता येत नाही, कारण याच प्रश्नाचे आपल्याकडे दिले गेलेले उत्तर आठवते. ज्या वस्तूची दारू होऊ शकते ती वस्तू विकत घेणे, बाळगणे हा गुन्हा आहे काय? अमेरिकेत द्राक्षाबाबत उत्तर आले: नाही. मुंबई इलाख्यात मोहाच्या फुलांबाबत ते निराळे आले. १८७८ च्या अबकारी कायद्याने दारू गाळण्याचा व्यवसाय सरकारी नियंत्रणाखाली आणला. आणि १८९२ च्या मोहा कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत प्रत्यक्ष फुलांच्या संग्रहावर व विक्रीवरच निर्बंध घातले. सरकारी महसूल बुडवणारी चोरटी दारू थांबावी हा उद्देश. स्वातंत्र्यानंतर १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानेही मोहाच्या फुलांना आपल्या कक्षेत ठेवले. द्राक्षाची वाइन नुसती आंबवलेली व मोहाची दारू गाळलेली, हा भेद आम्ही विसरत नाही. तरीही मोहाचे फूल हे वारली, कातकरी, ठाकूर या समाजांचे अन्नही होते. वाळवून साठवलेल्या त्या फुलांवर टंचाईचे दिवस निघत. द्राक्ष विकत घेणाऱ्याच्या हेतूविषयीचा संशय कायद्याने त्याच्याच पदरात टाकला. मोह वेचणाऱ्याच्या बाबतीत तोच संशय त्याच्या विरुद्ध वापरला गेला. एकाच्या पाठीशी बागायतदार, रेल्वे कंपन्या आणि मतदार होते. दुसऱ्याच्या पाठीशी जंगल होते, आणि तेही त्याच्या मालकीचे राहिले नव्हते.

आता फँटीकडे परत येऊ. त्याच्या 'वेट अंटिल स्प्रिंग, बँडिनी' (१९३८) या कादंबरीतला बाप गवंडी आहे. 'द ब्रदरहुड ऑफ द ग्रेप' (१९७७) मधला म्हातारा बापही दगडाचे काम करणारा, आणि वाइन हा त्याच्या जगण्याचा आधारही आहे व नाशही. अशा व्यक्तिरेखा वाचताना 'इटालियन माणसाला वाइन रक्तातच मिळालेली असते' असे सोपे विधान टीकेत सहज येऊन जाते. वरील इतिहास त्या विधानाला आडवा येतो. त्या वाइनच्या रंगात, कडवटपणात, तिच्या स्वस्तपणात एका विशिष्ट दशकाचा कायदा, रेल्वेचे अंतर आणि मजुराचा हिशेब उतरलेला आहे. शिवी देणाऱ्याला त्यात केवळ जात दिसली. त्या माणसांकडे मात्र, परक्या देशात, वर्षातून एकदा आपल्या पारखीने वस्तू निवडण्याचा आणि तिला आपल्या घरी आपल्या हातांनी रूप देण्याचा हक्क उरला होता. तो हक्क एका कलमातील संदिग्ध शब्दावर उभा होता; आपल्याकडे मोह वेचणाऱ्यांच्या वाट्याला तसा शब्दही आला नाही. त्यांच्या बाजूने हा इतिहास सांगणाऱ्या कथा-कादंबऱ्या मराठीत किती आहेत, याचा शोध आमच्या विद्यार्थी वाचकांपैकी कोणी घेतला तर ते काम निश्चितच मोलाचे ठरेल.